विल्यम मार्शलबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा विल्यम मार्शल नक्की कोण?

इंग्लंडमधला बाराव्या-तेराव्या शतकातला सरदार आणि त्या काळचा सगळ्यात नावाजलेला लढवय्या. जन्म ११४७ च्या आसपास, मृत्यू १४ मे १२१९. घरातला चौथा मुलगा, म्हणजे बापाच्या जमिनीत वाटा जवळपास नाहीच, तरुणपणी अंगावरचा झगा विकून घोडं घ्यायची वेळ आली होती, आणि तोच माणूस सत्तरीला टेकल्यावर अख्ख्या इंग्लंडचा कारभार बघत होता. यंग किंग हेन्री (हा कोण ते पुढे येईल), दुसरा हेन्री, रिचर्ड, जॉन आणि तिसरा हेन्री अशा पाच राजांच्या पदरी त्याने चाकरी केली. मला विचाराल तर त्याची खरी ओळख तलवारीपेक्षा खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस अशीच आहे, खाली जे लिहिलंय ते वाचून तुम्हीच ठरवा.

मार्शल हे आडनाव की हुद्दा?

आधी हुद्दा, मग आडनाव. जुन्या जर्मन बोलीत घोड्यांची निगा राखणारा नोकर असा या शब्दाचा अर्थ होता. राजाच्या पागेचा माणूस हळूहळू दरबारातला मोठा अधिकारी झाला आणि विल्यमच्या घराण्यात ते पद वंशपरंपरेने आलं. आपल्याकडे सॅम माणेकशांना फील्ड मार्शल म्हणतात किंवा विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या आमदाराला मार्शल बाहेर काढतात, तो शब्द हाच.

लहानपणी बापाने त्याला मरायला सोडलं होतं हे खरं आहे का?

हो, आणि ही गोष्ट वाचून पोटात कालवतं.

इंग्लंडमध्ये तेव्हा राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण मटिल्डा यांच्यात गादीवरून यादवी पेटलेली. विल्यमचा बाप जॉन मटिल्डाच्या बाजूने होता. माणूस भयंकर चिवट, एकदा चर्चमध्ये आसरा घेतला असताना शत्रूने ते पेटवून दिलं आणि छपराचं शिसं वितळून त्याच्या तोंडावर पडलं, एक डोळा गेला तरी शरण आला नाही. ११५२ मध्ये स्टीफनने न्यूबरीला त्याच्या गढीला वेढा घातला. जॉनने तहासाठी मुदत मागितली आणि तारण म्हणून पाचेक वर्षांचा विल्यम ओलीस दिला. आणि मग त्या मुदतीत तह करायचं सोडून गढीत माणसं आणि धान्य भरलं, म्हणजे सरळ शब्द मोडला. राजाने निरोप पाठवला की पोराला फासावर देतो, तर बापाचं उत्तर असं की खुशाल द्या, याच्याहून चांगली पोरं घडवायला ऐरण आणि हातोडा अजून माझ्याकडे आहे.

पोराला खरंच झाडाकडे नेलं. त्याला बिचाऱ्याला काय कळतंय, वाटेत एका सरदाराच्या हातातला भाला दिसला तर म्हणाला मला द्या ना खेळायला. स्टीफनला ते बघवलं नाही, त्याने उचलून परत आणलं. पुढे लोकांनी सुचवलं की दगडफेकीच्या यंत्रात घालून गढीवर फेकू, तर हा त्या यंत्राकडे बघून झोका समजला. राजा काही त्याला मारू शकला नाही. नंतर एके दिवशी राजाच्या तंबूत जमिनीवर पसरलेल्या पानाफुलांतून लांब देठांची पानं निवडून राजा आणि पोरगा ‘नाइट नाइट’ (नाइट म्हणजे चिलखती घोडेस्वार योद्धा) खेळत बसले होते, एकाने देठ धरायचा, दुसऱ्याने आपल्या देठाने त्यावर मारायचं. राजाच्या देठाचं डोकं उडालं आणि विल्यम जिंकला.

एक देश चालवणारा राजा, बाहेर वेढा चालू, आणि आत हा खेळ. स्टीफनला इतिहासात दुबळा राजा म्हणतात. असेलही, पण त्याच दुबळेपणामुळे विल्यम मार्शल जगला.

मग लढायला शिकला कुठे?

बारा-तेरा वर्षांचा असताना त्याला नॉर्मंडीत टँकरव्हिलच्या सरदाराकडे पाठवलं, नात्यातलाच माणूस होता. त्या काळात सरदारांची पोरं अशीच दुसऱ्याच्या घरी राहून घोडा, भाला, तलवार, जेवणाच्या पंगतीत वाढणं, मोठ्यांशी वागणं हे सगळं शिकत. तिथे त्याची ख्याती काय, तर खातो आणि झोपतो. लोक नावं ठेवायचे पण मालक म्हणायचा थांबा जरा.

११६६ च्या सुमारास तो नाइट झाला आणि लगेच एका चकमकीत उतरला. गल्लीबोळात दिवसभर जीव तोडून लढला, त्यात घोडा मारला गेला. रात्री पंगतीत सगळे कौतुक करत असताना विल्यम द मँडव्हिल नावाचा सरदार म्हणाला, मार्शल, मला एक भेट दे, घोड्याचा जुना पट्टा दे नाहीतर गळपट्टा दे. हा निरागसपणे म्हणाला माझ्याकडे असं काही कधीच नव्हतं. सरदार म्हणाला असं कसं, आज तर तू ४०-६० घोडे जिंकले असशील! सगळे हसले आणि याच्या डोक्यात प्रकाश पडला. लढाईत नुसतं शौर्य दाखवून भागत नाही, पाडलेल्या माणसाचा घोडा आणि खंडणी ताब्यात घ्यायची असते, नाहीतर उद्या लढायला घोडाच उरत नाही. त्याच्यावर तीच वेळ आली, झगा विकला आणि सामान वाहायला एक साधं तट्टू घेतलं. हा धडा तो जन्मात विसरला नाही.

टूर्नामेंट म्हणजे सिनेमात दाखवतात तसं दोघं समोरासमोर भाले घेऊन धावतात तेच ना?

नाही. ते पुढच्या काळातलं. मार्शलच्या काळी टूर्नामेंट म्हणजे दोन बाजूंना शेकडो घोडेस्वार आणि मैदान म्हणजे दोन गावांच्या मधला अख्खा मुलूख, त्यात शेतं आली, द्राक्षमळे आले, गल्ल्या आल्या. मारून टाकणं हा हेतू नसायचा, समोरच्याला पकडायचं असायचं. पकडलेल्याने घोडा, चिलखत आणि वर पैसे देऊन सुटका करून घ्यायची. माणसं मरायचीही, चर्चने या प्रकारावर बंदी घातलेली होती, कोणी जुमानत नव्हतं.

मार्शलची खासियत म्हणजे ताकद आणि लगाम. भाल्याने पाडण्यापेक्षा तो थेट दुसऱ्याच्या घोड्याच्या लगामाला हात घालायचा आणि स्वारासकट ओढत न्यायचा. एकदा आनेतला असंच एका नाइटला ओढत गल्लीतून चालला होता, त्या नाइटने वाटेत घराचं खाली आलेलं पन्हाळं बघितलं आणि त्याला लोंबकळला. मार्शलला पत्ताच नाही. मुक्कामावर पोचून नोकराला म्हणाला या नाइटला ताब्यात घे, नोकर म्हणाला कुठला नाइट, घोड्यावर तर कोणी नाही. मागून येणाऱ्या यंग किंगने सगळं बघितलं होतं, तो हसून हसून बेजार.

आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. प्लेर नावाच्या गावी टूर्नामेंट संपली, सर्वोत्तम नाइटला बक्षीस म्हणून एक मोठा पाईक मासा द्यायचं ठरलं. सगळ्यांनी मार्शलचं नाव घेतलं पण मार्शल कुठेच सापडेना. शोधत गेले तर लोहाराच्या भट्टीवर, डोकं ऐरणीवर टेकवलेलं. शिरस्त्राणावर इतके घाव बसले होते की पत्रा चेपून डोक्याभोवती घट्ट बसलेला, निघतच नव्हता, आणि लोहार हातोडी-पक्कड घेऊन तो सोडवत होता. बापाच्या तोंडची ती ऐरण आठवते की नाही बघा.

रॉजर द गोजी नावाच्या नाइटबरोबर त्याने भागीदारी केली होती, मिळेल ते दोघांत. त्यांच्या कारकुनांनी हिशेब ठेवला होता, साधारण दहा महिन्यांत १०३ नाइट पकडले. म्हणजे हा खेळ त्याच्यासाठी धंदा होता आणि तो त्यात अव्वल होता.

यंग किंग म्हणजे कोण? राजा तर दुसरा हेन्री होता ना?

बरोबर. दुसऱ्या हेन्रीने ११७० मध्ये आपल्या हयातीतच थोरल्या मुलाला, त्याचंही नाव हेन्री, राज्याभिषेक करून टाकला. मुगुट दिला, राज्य दिलं नाही. म्हणून लोक त्याला यंग किंग म्हणत. मार्शलला त्याला शस्त्रविद्या शिकवायला नेमलं होतं.

मार्शल तिथपर्यंत पोचला दुसऱ्या हेन्रीची बायको, राणी एलेनॉर हिच्यामुळे. ११६८ मध्ये फ्रान्समध्ये प्वातू भागात राणीबरोबर जाताना लुझिन्यां घराण्याच्या माणसांनी दगा केला, मार्शलचा मामा पॅट्रिक पाठीत भाला खाऊन मेला. हा कुंपणाला पाठ लावून एकटा लढला, शेवटी कोणीतरी कुंपणापलीकडून मांडीत भाला खुपसला आणि धरला. जखमेला बांधायला चिंधी मिळत नव्हती, एका बाईने पाव पोखरून आत कापडाच्या पट्ट्या भरून पाठवल्या. त्या बाईचं नाव कोणालाच माहीत नाही. पुढे एलेनॉरने पैसे भरून त्याला सोडवलं आणि पदरी घेतलं.

राणी मार्गारेटबरोबर त्याची भानगड होती का?

११८२ मध्ये त्याच्यावर हा आरोप झाला, मार्गारेट म्हणजे यंग किंगची बायको. जळणाऱ्या लोकांनी कंड्या पिकवल्या असंच बहुतेक अभ्यासकांना वाटतं. मार्शल नाताळात नॉर्मंडीतल्या काँच्या दरबारात उभा राहिला आणि म्हणाला की आरोप करणाऱ्यांपैकी तिघांशी तीन दिवस लागोपाठ लढतो, हरलो तर फाशी द्या. कोणी पुढे आलं नाही पण यंग किंगने त्याला न्यायही दिला नाही, म्हणून तो निघून गेला. काही महिन्यांत परत बोलावणं आलं.

जेरुसलेमला कशासाठी गेला?

दिलेल्या शब्दासाठी.

११८३ च्या जूनमध्ये बापाविरुद्ध बंड चालू असतानाच यंग किंग आमांशाने मार्तेल गावी मेला, वय २८. त्याने क्रूसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला, जायची शपथ घेतली होती, क्रॉस शिवलेला झगा मार्शलला देऊन म्हणाला हा माझ्या वतीने जेरुसलेमला पोचव. देणी इतकी होती की भाडोत्री सैनिकांचा एक म्होरक्या थकबाकीसाठी मार्शललाच धरून बसला. म्हाताऱ्या हेन्रीने ते पैसे भरले. मुलाने आयुष्यभर खर्चात पाडलं होतं, बंड केलं होतं, आणि तरी बाप म्हणाला की माझे आणखी पैसे गेले असते तरी चाललं असतं, तो जगायला हवा होता.

मार्शल दोनेक वर्षं तिकडे होता. येताना दोन रेशमी कापडं विकत आणली आणि कोणालाही न सांगता जपून ठेवली. ती कशासाठी ते शेवटी येईल.

सिंहहृदयी रिचर्डला त्याने घोड्यावरून पाडलं होतं का?

पाडलं, आणि मारलं असतं तर इंग्लंडचा इतिहास वेगळा झाला असता. ११८९ चा जून, रिचर्ड फ्रान्सच्या राजाशी हातमिळवणी करून बापाच्या हात धुऊन मागे लागलेला. म्हातारा आजारी दुसरा हेन्री ल मान शहरातून पळतोय, मागची आघाडी मार्शल सांभाळतोय. रिचर्ड घाईत पूर्ण चिलखत न घालताच आला होता. मार्शल भाला रोखून सरळ अंगावर गेला. रिचर्ड ओरडला, मला मारू नकोस, माझ्या अंगावर चिलखत नाही. मार्शल म्हणाला, मी नाही मारत, सैतान मारो तुला, आणि भाला घोड्याच्या अंगात घातला.

महिन्याभरात, ६ जुलैला, हेन्री शिनोंला मेला. नोकरांनी प्रेतावरचे कपडेसुद्धा लुटून नेले. मार्शल आणि थोडे लोक शेवटपर्यंत थांबले, फोंतेव्रोला दफन केलं. तिथे नवा राजा रिचर्ड आला. म्हणाला, परवा तू मला मारणार होतास, मी हाताने भाला बाजूला केला म्हणून वाचलो. आता इथे कोणीही मान खाली घालून हो म्हणालं असतं. मार्शल म्हणाला, महाराज, मला मारायचं असतं तर घोड्यात घातला तसाच तुमच्या अंगात घातला असता, माझा हात अजून तेवढा चालतो. रिचर्डने माफ केलं, नुसतं माफ नाही, म्हाताऱ्या राजाने कबूल केलेली इझाबेल द क्लेअर ही वारसदार मुलगीही त्याला दिली. बुडत्या राजाला न सोडणारा माणूस आपल्यालाही सोडणार नाही, हे रिचर्डला चांगलं कळलं होतं.

इझाबेलबद्दल कोणी सांगतच नाही, ती कोण?

खरं आहे, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. मार्शलला जे वैभव मिळालं ते तिच्यामुळे. तिचा बाप स्ट्राँगबो, आयर्लंडमध्ये उतरलेला नॉर्मन सरदार, आणि आई लेन्स्टरच्या आयरिश राजाची मुलगी. वेल्समधला चेपस्टोचा किल्ला आणि आयर्लंडचा लेन्स्टर प्रांत हा सगळा वारसा तिचा, पेंब्रोकवरचा हक्कही तिच्याच घराण्याचा. ११८९ मध्ये लंडनला लग्न झालं तेव्हा ती १७-१८ ची आणि हा ४० च्या पुढचा. तिला कोणी विचारलं नव्हतं, वारसदार मुली राजाच्या ताब्यात असत आणि राजा त्या बक्षीस म्हणून वाटत असे, ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

पण संसार झाला. पाच मुलगे, पाच मुली. १२०७ मध्ये राजाने मार्शलला आयर्लंडहून परत बोलावलं तेव्हा इझाबेल गरोदर होती. निघताना मार्शलने सरदारांना बोलावून तिचा हात धरून पुढे केलं आणि सांगितलं, ही तुमच्या धन्याची मुलगी, हा मुलूख हिचा आहे, मी हिच्यामुळे आहे, हिला सांभाळा. मागे बंड झालं, किलकेनीला वेढा पडला आणि तिने माणसं हाताशी धरून तो निभावला.

एवढा सरळ माणूस जॉनसारख्या राजाबरोबर कसा राहिला?

हा प्रश्न मलाही सगळ्यात जास्त छळतो.

रिचर्डनंतर गादीवर आलेल्या त्याच्या धाकट्या भावाने, जॉनने, मार्शलला ११९९ मध्ये पेंब्रोकचा अर्ल (मोठा सरदार) केलं हे खरं, पण पुढे दोघांचं बिनसलं. नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाने जिंकल्यावर मार्शलने तिथली आपली जमीन वाचवायला १२०५ मध्ये त्या राजालाही मुजरा केला. जॉनला हा दगा वाटला, आणि त्याला अगदीच चूक म्हणता येणार नाही, मार्शलने इथे दोन्ही दगडांवर पाय ठेवला होता. मग जॉनने त्याचे दोन मोठे मुलगे ओलीस मागितले. आता विचार करा, ज्याने स्वतः पाच वर्षांचा असताना फासाचं झाड बघितलंय त्याने आपली मुलं ओलीस द्यायची. आणि त्याने दिली.

जॉन कसा होता त्याचा एक नमुना, १२०८ च्या जानेवारीत घोड्यावरून जाताना जॉनने मार्शलला सांगितलं की आयर्लंडमध्ये तुझ्या बायकोवर हल्ला झाला आणि तुझी खास माणसं मारली गेली. सगळं खोटं. समुद्र खवळलेला असल्याने तिकडून बातमी येणं शक्यच नव्हतं, फक्त याचा चेहरा कसा पडतो ते बघायचं होतं. मार्शल म्हणाला, वाईट झालं महाराज, ते तुमचेही सेवक होते. बस.

तरीही बंड केलं नाही. मला वाटतं त्याच्या डोक्यात शपथ आणि शपथ घेणारा माणूस या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. राजा नालायक आहे म्हणून माझी शपथ नालायक होत नाही, एवढं साधं. शिवाय बंड केलं तर आयर्लंड जाईल हा हिशेबही होताच.

मॅग्ना कार्टा त्याने लिहिला का?

लिहिला नाही, पण राजाच्या सत्तेला लगाम घालणारी ही सनद टिकली ती बरीचशी त्याच्यामुळे. १२१५ मध्ये तो राजाच्या बाजूने वाटाघाटी करत होता, सनदेच्या सुरुवातीला सल्लागारांत त्याचं नाव आहे. गंमत म्हणजे त्याचा थोरला मुलगा विल्यम समोरच्या बाजूला, राजावर लक्ष ठेवणाऱ्या २५ बॅरनमध्ये, म्हणजे बड्या सरदारांमध्ये, होता. काही आठवड्यांतच पोपने सनद रद्द केली आणि यादवी पेटली. पुढे मार्शल कारभारी झाल्यावर त्याने १२१६ मध्ये ती पुन्हा जाहीर केली, स्वतःच्या शिक्क्याने, कारण नव्या राजाला शिक्काच नव्हता. १२१७ मध्ये आणखी एकदा, जंगलांविषयीच्या सनदेसोबत. बंडखोर ज्यासाठी लढत होते ते सरकारनेच देऊन टाकल्यावर त्यांच्या लढण्यातला जोर गेला, हा डाव कुठल्याही लढाईपेक्षा मोठा होता असं माझं मत.

सत्तरीत तो खरंच लढाईत उतरला?

उतरला. थोडं मागून सांगतो.

ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन मेला. निम्मे बॅरन फ्रान्सच्या युवराज लुईकडे, लंडन लुईकडे, तिजोरी रिकामी, आणि गादीचा वारस ९ वर्षांचा हेन्री. पोराला एका सेवकाने उचलून आणलं, मार्शल त्याला माल्म्सबरीजवळ वाटेत भेटला. पोरगा म्हणाला, मी स्वतःला देवाच्या आणि तुमच्या हाती देतो, आणि रडायला लागला. मार्शलही रडला. २८ ऑक्टोबरला ग्लॉस्टरला राज्याभिषेक झाला, त्याआधी मार्शलनेच त्याला नाइट केलं, लहान मापाचे राजवस्त्र घातलेला तो एवढासा नाइट बघून सगळ्यांना भरून आलं.

कारभार घ्यायचा की नाही यावर रात्री जवळच्या माणसांशी बोलणं झालं. अर्लीचा जॉन हा त्याचा जुना सेवक म्हणाला, वाईटात वाईट काय होईल, सगळे सोडून जातील, तुम्ही आयर्लंडला जाल, तरी मान तुमचाच. मार्शल खूश झाला, म्हणाला सगळ्यांनी या पोराला सोडलं तरी मी त्याला खांद्यावर घेऊन या बेटावरून त्या बेटावर फिरेन, भाकरी मागून खायची वेळ आली तरी.

मग २० मे १२१७, लिंकन. शहर बंडखोर आणि फ्रेंचांच्या ताब्यात, पण किल्ला निकोला द ला हे नावाच्या वयस्कर बाईने लढवत ठेवलेला. मार्शलकडे ४०० च्या आसपास नाइट आणि ३०० हून थोडे जास्त क्रॉसबोवाले, समोर त्याहून जास्त फौज. किल्ल्यातून क्रॉसबोवाल्यांनी वरून घोडे टिपले आणि बाकीचे शहराच्या दारातून घुसले. मार्शल इतका उतावीळ झाला होता की शिरस्त्राण न घालताच घोड्याला टाच मारली, पोऱ्याने आठवण केली तेव्हा म्हणाला थांबा, आलोच, घातलं आणि सगळ्यांच्या पुढे निघाला. कॅथीड्रलसमोर फ्रेंचांचा सेनापती पेर्शचा काउंट भिडला, त्याने मार्शलच्या डोक्यावर तीन घाव असे घातले की शिरस्त्राण चेपलं. पण काउंटच्या डोळ्याच्या फटीतून आधीच एका भाल्याचं टोक आत गेलेलं होतं, तो घोड्यावरून कोसळला तो गेलाच. तो नात्यातला होता, मार्शलला वाईट वाटलं.

त्यानंतर विजयी सैन्याने लिंकन शहर लुटलं, चर्चही सोडली नाहीत, बायका पोरं घेऊन नावांतून पळाल्या आणि नावा उलटून बुडाल्या. मार्शलचे गोडवे गाणारे हा भाग गाळतात. गाळू नये.

ऑगस्टमध्ये सँडविचजवळ समुद्रात लुईची कुमक बुडवली, तिथे शत्रूच्या डोळ्यांत चुन्याची भुकटी उधळली होती. यावेळी मात्र मार्शलला त्याच्या माणसांनी किनाऱ्यावरच थांबवलं. सप्टेंबरमध्ये तह झाला, लुईला १०,००० मार्क देऊन घरी पाठवलं. एवढे पैसे कशाला दिले म्हणून टीका झाली, पण लढाई थांबली ना.

हे सगळं इतकं बारीक कसं माहीत? खरं किती?

त्याच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने त्याच्यावर काव्य लिहून घेतलं, जुन्या फ्रेंचमध्ये, १९,००० हून जास्त ओळी. म्हाताऱ्याने स्वतः सांगितलेल्या आणि अर्लीच्या जॉनने बघितलेल्या गोष्टी त्यात आहेत. ते शेकडो वर्षं कोणाला माहीतच नव्हतं. १८६१ मध्ये पॉल मेयर या फ्रेंच अभ्यासकाने लंडनच्या एका लिलावात ते हस्तलिखित ओझरतं पाहिलं, ते दुसऱ्यानेच घेतलं, आणि हा माणूस वीस वर्षं त्याच्या मागे होता, १८८१ मध्ये एका संग्राहकाच्या ढिगात ते सापडलं.

मुलाने पैसे देऊन लिहवलेलं काव्य आहे, त्यामुळे बाप त्यात सहसा चुकत नाही. मोठ्या घटना इतर कागदपत्रांत सापडतात, तोंडचे संवाद मात्र त्या काव्यातले आहेत, वर मी दिलेले पण तिथलेच.

शेवट कसा झाला?

१२१९ च्या सुरुवातीला दुखणं वाढलं. लंडनहून नावेने थेम्समधून केव्हरशॅमच्या आपल्या वाड्यावर आला, मरायचं तर घरी मरू म्हणाला. बालराजाला बोलावून सांगितलं, देव तुला चांगला माणूस करो, आणि एखाद्या दुष्ट पूर्वजाच्या वळणावर जाणार असशील तर देव तुला जास्त आयुष्य न देवो. कोणता पूर्वज ते सगळ्यांना कळलं. पोरगा म्हणाला आमेन. मग राजाला पोपच्या प्रतिनिधीच्या हाती सोपवलं, कारण सरदारांत कोणा एकाला दिलं असतं तर बाकीचे भांडले असते.

मग ती रेशमी कापडं आणवली, तीस एक वर्षं जपलेली. थोडी विटली होती पण उलगडल्यावर अजून देखणी होती. म्हणाला माझ्या तिरडीवर ही घाला, पाऊस असेल तर वरून साधं कापड टाका म्हणजे भिजणार नाहीत.

जेरुसलेमला गेला असताना दिलेल्या शब्दाप्रमाणे टेम्पलर, म्हणजे साधूंसारखं व्रत घेतलेल्या ख्रिस्ती योद्ध्यांपैकी एक, झाला, पांढरा झगा वर्षभर आधीच गुपचूप शिवून ठेवला होता. टेम्पलरला बायकोला जवळ घेता येत नाही, म्हणून आधी इझाबेलला म्हणाला, आता एकदा मुका दे, परत कधी देता येणार नाही. दोघंही रडली. एका संध्याकाळी त्याला गावंसं वाटलं पण लोक वेडा म्हणतील म्हणून गप्प होता, मुलींना बोलावलं. एकीने गायलं, दुसरी लाजत होती, तिला चाल कशी म्हणायची ते त्याने शिकवलं.

एका कारकुनाने सुचवलं की कोठारात ८० एक उंची झगे पडलेत, ते विकून आत्म्यासाठी दानधर्म करा. मार्शल भडकला. म्हणाला, सण तोंडावर आलाय, माझ्या नाइटना माझ्याकडून दरवर्षी झगे मिळतात, ही शेवटची वेळ, आधी त्यांना वाटा. आणि दुसऱ्याने विचारलं की टूर्नामेंटमध्ये लुटलेलं परत करायला नको का, तर म्हणाला ५०० नाइट पकडले आयुष्यात, त्यांचे घोडे आणि चिलखतं कुठून परत करू, स्वर्ग त्यासाठी बंद असेल तर माझा इलाज नाही.

१४ मे ला दुपारी गेला.

त्याचं घराणं पुढे काय झालं?

पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि पाचही औरस वारस न ठेवता गेले, एक आयर्लंडमध्ये लढाईत, एक टूर्नामेंटमध्ये घोड्यावरून पडून. १२४५ ला शेवटचा संपला. आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपचा शाप लागला असं लोक म्हणायचे, त्याच्या दोन जहागिरी मार्शलने बळकावल्या होत्या, आणि त्या बाबतीत बिशपची बाजू खरी वाटते. इस्टेट पाच मुलींत वाटली गेली. मार्शल हे पद थोरल्या मुलीकडून उतरत आलं, आज नॉरफोकचे ड्यूक अर्ल मार्शल आहेत, २०२२ चा एलिझाबेथ राणीचा अंत्यविधी आणि २०२३ चा चार्ल्सचा राज्याभिषेक त्यांच्याच देखरेखीखाली झाला.

आज काय काय बघायला मिळतं?

लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटच्या एका बोळातून आत गेलं की टेम्पल चर्च, गोल आकाराचं. तिथे जमिनीवर दगडी नाइट झोपलेले आहेत, त्यातला एक मार्शल मानतात. १९४१ च्या मे महिन्यात बॉम्बहल्ल्यात छप्पर जळून त्यांच्यावर कोसळलं, त्याच्या खुणा चेहऱ्यावर आहेत. पेंब्रोकचा भला मोठा गोल बुरूज त्याने बांधलेला. आयर्लंडमध्ये हुक हेडचा दीपगृहाचा मनोरा त्याच्या काळातला, अजून चालू आहे, न्यू रॉस बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी बांधलेला. चेपस्टोला त्याच्या काळातले लाकडी दरवाजे आहेत, ११९० च्या दशकाच्या आधीचे, आता किल्ल्याच्या आत ठेवलेत, युरोपातले सर्वात जुने किल्ल्याचे दरवाजे मानतात. आणि चेपस्टोपर्यंत गेलात तर तसंच वाय नदीच्या काठाने वर टिंटर्नच्या पडक्या मठापर्यंत जा, इझाबेल १२२० मध्ये, नवऱ्यामागे वर्षभरातच गेली, तिला तिथे तिच्या आईजवळ पुरलंय.